चाटूमामांच्या घरची भिंत

भिंती चाटून संसार चालवणारा माणूस तुमच्या पाहण्यात नसेल. चाटूमामांनी पंचवीस वर्षं तेच केलं, आणि संसार बरा चालला. शर्टाची पोटावरची गुंडी लागत नव्हती, यावरून काय ते समजा.

हे नाव लोकांनी ठेवलेलं. तोंडावर सगळे 'मिस्त्री' म्हणायचे आणि पाठ वळली की 'चाटूमामा'. मामांना ते ठाऊक होतं, पण त्यांचं काही बिघडत नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी तोंडावर म्हटलं तरी ते ओ द्यायचे.

घरं सगळी समुद्राच्या काठाला. तिथे ओल कुणाला चुकलेली नाही. फरक एवढाच, की कुणी ती कपाटामागे लपवतं, कुणी कॅलेंडरमागे. लपवता येईनाशी झाली की मामांना बोलावणं जायचं. मामा यायचे, चपला दाराबाहेर काढायचे, आणि भिंतीशी उकिडवे बसून बोटाच्या पेराने खालून वर ठोकत जायचे. कान भिंतीला लावलेला. घट्ट आवाज आला की पुढे, पोकळ आला की तिथे खडूची फुली. मग नखाने गिलाव्याचा कण काढायचा, जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. त्या वेळी घरातलं कुणी खोकलं तरी मामांना खपत नसे.

डोळे उघडले की प्रश्न एकच. "ओल कुणाची? आपली, शेजारची, की समुद्राची?"

उत्तरही तेच देणार. कण अळणी लागला तर नळाचं पाणी, म्हणजे पाइप फुटलाय, आपला नाहीतर शेजारच्याचा. पाइप बदला, चार हात गिलावा करा, सुटलात. कण खारट लागला तर मात्र समुद्र. मग ओलीच्या रेघेच्या वर आणखी हातभर जाऊन सगळा गिलावा विटेपर्यंत सोलायचा, विटा धुवायच्या, वाळवायच्या, आणि मग चुन्याचा नवा गिलावा. पाइपाच्या पाचपट खर्च. मामा तो खर्च वहीच्या पानावर लिहून द्यायचे, एकेक बाब, एकेका ओळीत. चुना, वाळू, मजुरी, इतकंच काय, मजुरांच्या चहाचीही ओळ असायची. वर सगळ्यांना तेच एक वाक्य ऐकवायचे. "रंग लावून ओल जात नाही. दिसायची तेवढी थांबते."

हॉटेलवाल्याने एकदा चलाखी केली. मामा यायच्या आदल्या दिवशी जेवणघराच्या भिंतीला झकास पिवळा रंग मारला आणि हात चोळत उभा राहिला. "वरवर बघा हो मिस्त्री, फार खोलात नको."

मामांनी रंगाखालचा कण काढून जिभेवर ठेवला. "समुद्र."

"अहो, पण रंगाला कालच एवढे पैसे घातलेत."

"मग पानावर तीही ओळ घालतो," मामा म्हणाले. "रंग मारण्याचा मूर्खपणा, एक. आणि रंग खरवडण्याची मजुरी, एक."

हॉटेलवाला आठ दिवस फुगून बसला आणि नवव्या दिवशी कामाचे पैसे आगाऊ घेऊन आला. अशी त्या जिभेची पत. तिने खोटं सांगितलंय असं गावात कुणी म्हटलेलं नव्हतं. मामांना त्याचा गर्व होता, आणि गर्व म्हणजे साधासुधा नाही. जीभ भाजेल म्हणून ते चहासुद्धा गार करून प्यायचे.

आता दिव्याखालचा अंधार सांगतो.

मामांचं स्वतःचं घर समुद्रापासून दुसऱ्या गल्लीत. एकाला एक चिकटलेल्या घरांची ओळ, मधे एकेक भिंत. मामांच्या पुढच्या खोलीची डावी भिंत ओली होती. थोडीथोडकी नाही, दमट दिवशी तिला हात लावला तर हात पुसावा लागायचा. मामांनी ते घर स्वतः बांधलं त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि ती भिंत सत्तावीस वर्षं ओली होती. दरवर्षी मामा तिला रंग लावायचे. हो, तेच मामा. एकदा हिरवा, एकदा फिकट निळा, लेक झाली त्या वर्षी गुलाबी, स्वस्तात मिळाला म्हणून एकदा बोटीला लावायचा करडा. सहा महिन्यांत पोपडे यायचे आणि मामी केरसुणीने ते गोळा करायच्या.

भिंतीच्या पलीकडे मास्तरांची मोरी होती. निवृत्त शिक्षक, सडपातळ, बोलणं हळू, बायको गेल्यापासून एकटे. मामांनी पहिल्याच वर्षी निदान करून टाकलं होतं, "मास्तरांचा पाइप." चाटलीबिटली नाही. घरच्या भिंतीला काय चाटायचं, पलीकडे मोरी दिसतेय ना डोळ्यांना? आणि मामा म्हणाले म्हणजे झालं. मास्तरांनी मुकाट्याने मोरी फोडून पाइप बदलला. नळवाल्याने जुना पाइप उलटासुलटा करून पाहिला, म्हणाला, "याला तर काही झालेलं नाही." पण नळवाल्याची जीभ ती, तिला विचारतो कोण?

काही वर्षांनी मामा पुन्हा म्हणाले, "मास्तर, पाइप पुन्हा गेलेला दिसतोय." मास्तरांनी पुन्हा बदलला. या वेळी पैसे साठवले होते दुर्बिणीसाठी. गच्चीवरून लांबची जहाजं बघायची, त्यांची नावं वाचायची, एवढी एकच हौस मास्तरांना. दुर्बीण पाइपात गेली. तेव्हापासून मास्तर गच्चीवर डोळ्यांवर हात धरून उभे राहायचे आणि जहाजांची नावं अंदाजाने सांगायचे.

असं चाललं होतं आणि असंच चाललं असतं, पण लेकीचा फोन आला.

लेक लग्नानंतर आत डोंगराकडच्या शहरात राहायला गेली होती. तिला सहा महिन्यांची मुलगी. जावयाला चार महिने कामासाठी परदेशी जायचं होतं, म्हणून लेक म्हणाली, "तीन महिन्यांनी मी येऊ का तिकडे? चार महिने राहीन."

मामींनी फोन कानाला लावूनच पाळणा कुठे बांधायचा ते बघायला सुरुवात केली.

"पण आई," लेक म्हणाली, "हिची छाती वाजते. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टरांनी बजावलंय, ओल असलेल्या खोलीत हिला एक रात्रही ठेवायची नाही. पुढच्या खोलीतली भिंत अजून तशीच आहे का?"

फोन मामांच्या हातात आला. मामांनी नात फोटोत पाहिली होती, हातात एकदाच घेतली होती, आणि तेव्हा ती झोपलेली होती. जागी कशी असते हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. चार महिने ती याच घरात रांगणार, धडपडणार, या नुसत्या कल्पनेने ते फोनमध्ये जवळजवळ ओरडले. "भिंतीचं काय घेऊन बसलीस? तू ये. बाप मिस्त्री आहे तुझा."

"ओली असेल तर मी सासूबाईंकडे जाईन बाबा. त्यांचं घर कोरडं आहे."

ते कोरडं घर मामांना भलतंच झोंबलं. फोन ठेवून ते तडक शेजारी गेले.

"मास्तर, पाइप."

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी केली. "तिसऱ्यांदा?"

"नात येणार आहे. तिची छाती नाजूक आहे."

मास्तर उठले, कपाटाकडे गेले, मग मधेच थांबले. "मिस्त्री, पैसे देतो. ना नाही. पण मी शिकवायचो तेव्हा मुलांना सांगायचो, आधी पडताळा घ्या. आठ दिवस मी पाण्याचा मुख्य कॉक बंद करतो. मोरीत थेंब येणार नाही. भिंत वाळली तर पाइप माझा, लगेच बदलू. नाही वाळली, तर मग बघू."

"आणि आठ दिवस आंघोळ?"

"शाळेत जाईन. तिथला शिपाई ओळखतो मला."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून सत्तरीचे मास्तर खांद्यावर टॉवेल, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात साबणाची डबी घेऊन सकाळी सात वाजता गल्लीतून शाळेकडे निघू लागले. जाताना मोकळी बादली, येताना प्यायच्या पाण्याने भरलेली. मामा तेव्हा ओट्यावर गार चहा पीत बसलेले असायचे. पहिल्या दिवशी त्यांनी हात केला. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पाचव्या दिवसापासून चहा आत प्यायला लागले.

भिंत मात्र तशीच. सातव्या दिवशी तर धुकं होतं आणि तिच्यावरून ओघळ आले. मास्तरांच्या घरात घोटभर पाणी वाहत नव्हतं आणि मामांच्या भिंतीला घाम फुटला होता.

आठव्या दिवशी दुपारी मामी बाजारात गेल्या. मामांनी दाराला कडी घातली. कपाट सरकवलं. भिंतीपुढे उकिडवे बसले आणि खालून वर ठोकत गेले. शेकडो भिंती ठोकल्या होत्या, घरची ही पहिलीच. त्यांनी नखाने पोपडा काढला, त्याखालचा कण काढला आणि जिभेवर ठेवला.

डोळे मिटायचीही गरज पडली नाही. ती खारट चव त्यांना पाठ होती.

कपाळाला हात लावून मामा तिथेच फरशीवर बसले. आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट, जी त्यांनी इतक्या खोल पुरली होती की पुरल्याचंही विसरले होते, ती उठून समोर बसली. नवं लग्न, हातात पैसे थोडे. नदीच्या वाळूची गाडी परवडेना. तीन भिंतींचा गिलावा चांगल्या वाळूत झाला आणि चौथ्या भिंतीला वाळू संपली. समुद्र तर शंभर पावलांवर, आणि वाळू फुकट. मामा तेव्हा पंचवीस वर्षांचे, नुकते कुठे थापी धरायला शिकलेले. त्यांनी पंधरा घमेली वाळू आणली आणि काम संपवलं. असली वाळू भिंतीत गेली की तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं, पाऊस असो नसो. हे त्यांनी पुढे पंचवीस वर्षं इतरांना समजावून सांगितलं. स्वतःच्या घरी सांगायला कुणी बोलावलं नाही, एवढंच.

पण माणसाचं मन म्हणजे काय सांगू. त्यातूनही मामा उठले आणि बाजारात जाऊन जाड रंगाचा डबा घेऊन आले. ओल रोखणारा, म्हणे. चार महिने तरी दम धरील, मग पुढचं पुढे. मास्तरांना सांगू, समुद्राची पातळी वाढलीय, हल्ली सगळीकडे वाढतेच. डब्याचं झाकण उघडायला त्यांनी पेचकस लावला आणि फोन वाजला.

"बाबा, भिंतीचं काय झालं?"

"होतंय, होतंय."

"डॉक्टर म्हणतात, ओल मोजायचं यंत्र मिळतं, ते लावून बघा. मी म्हटलं, आमच्याकडे यंत्र लागत नाही. माझ्या बाबांनी जीभ लावली आणि कोरडी म्हणाले की मी डोळे मिटून बाळाला घेऊन जाईन. तुम्ही स्वतः बघितलीत ना?"

मामांच्या हातात पेचकस होता. त्यांनी तो खाली ठेवला. ते म्हणाले, "आज बघितली." मग फोन मधेच तुटला असं दाखवून त्यांनी तो ठेवून दिला.

संध्याकाळी त्यांनी वहीचं पान फाडलं आणि एस्टिमेट लिहिलं. मग मास्तरांना चहाला बोलावलं, मामींना समोर बसवलं, पान टेबलावर ठेवलं आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले.

मामींनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. "भिंत, पुढच्या खोलीतली, डावी. ओल, आपली." त्या थांबल्या. "आपली?"

"वाच पुढे."

"गिलावा सोलणे. विटा धुणे. चुना. नदीची वाळू, अर्धी गाडी. मजुरी, नाही, काम स्वतः करणे. मजुराचा चहा, नाही. मास्तरांचे पाइप, दोन." मामींचा आवाज बारीक होत गेला. "मास्तरांची मोरी फोडणे आणि परत बांधणे, दोन वेळा. मास्तरांची दुर्बीण, एक."

मास्तरांनी पान ओढून घेतलं, खिशातून पेन काढलं, आकड्यांवरून टोक फिरवत खाली आले आणि म्हणाले, "बेरीज चुकलीय. हातचा एक विसरलात."

"मास्तर, मी समुद्राची वाळू वापरली होती."

"ते कळलं." मास्तरांनी हातचा लिहिला. "पण मला सांगा, समुद्राची वाळूसुद्धा धुवून घेतली तर चालते म्हणतात. तुम्ही धुतली नव्हती?"

"धुतली होती ना. चांगली दोनदा धुतली."

"कशात?"

मामा खिडकीबाहेरच बघत राहिले. "विहीर लांब होती. समुद्रात."

मास्तरांनी चष्मा काढला, रुमाल तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलू लागले. रडतात की काय म्हणून मामा घाबरून वळले. मास्तर हसत होते. इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं, आणि तेही त्यांनी शाळेतून आणलेलं.

मामी मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पाइपाचे पैसे लिहिलेत, दुर्बिणीचे लिहिलेत. आणि त्या पाइपावरून मी यांच्या बायकोशी वर्षभर बोलले नाही, त्याची ओळ कुठेय? ती दारात आली होती समजवायला. मी दार लावून घेतलं. आता ती आहे का माझी माफी ऐकायला?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एस्टिमेटमधली एक बाब राहून गेली होती आणि तिचा आकडा त्यांना येत नव्हता.

मास्तर हळूच म्हणाले, "वहिनी, ती मला तेव्हाच म्हणायची, ओल त्यांच्याच भिंतीची आहे. मीच तिला गप्प केलं. म्हटलं, मिस्त्रींची जीभ खोटं बोलायची नाही. त्यामुळे थोडं माझ्याही नावावर लिहा." मग त्यांनी डोळे पुसले, आणि या वेळचे अश्रू हसण्याचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामांनी छिन्नी-हातोडी घेतली.

सत्तावीस रंग एकावर एक. पोपडा निघाला की त्याच्या कडेला सगळे दिसायचे. मामी ते गोळा करता करता म्हणायच्या, "हा गुलाबी, लेकीचा. हा करडा, तुम्ही म्हणालात बोटीचा आहे, बुडणार नाही." मामींनी त्या दिवसांत कामापुरतंच बोलायचं ठरवलं होतं, पण टोमण्यांना त्यांनी सूट ठेवली होती.

विटा उघड्या पडल्या. आता त्यांच्यातलं मीठ बाहेर काढायचं तर गोड्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा लगदा भिंतीवर थापायचा आणि सुकू द्यायचा. सुकताना तो मीठ ओढून घेतो. मग काढून टाकायचा आणि नवा थापायचा, असं पाच-सहा वेळा. एवढा कागद आणायचा कुठून? मास्तरांनी माळ्यावरून चार पेट्या खाली काढल्या. त्यांच्याकडे गावाच्या दोन पिढ्यांच्या उत्तरपत्रिका होत्या, जपून ठेवलेल्या, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग दोघं शेजारी ओट्यावर बादली घेऊन बसायचे. मास्तर उत्तरपत्रिका फाडायचे आणि मामा कालवायचे. "हा आपला हॉटेलवाला," मास्तर एक कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "भूगोल. शंभरात नऊ. समुद्राचं पाणी खारट का असतं, याचं उत्तर त्याने कोरं सोडलंय."

"मीही सोडलं होतं," मामा म्हणाले, आणि कागद बादलीत टाकला.

सहावा लगदा काढल्यावर मामांनी विटेला जीभ लावली आणि मान डोलावली. मामींनी ती मान बघितली. "तुमच्या जिभेचं बाहेर कौतुक. घरात तिचं चालत नाही. मास्तर, तुम्ही बघा." मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा वीट चाटली, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "काठावर पास." म्हणून सातवा लगदा थापला. मग विटा वाळल्या, मग चुना आणि नदीच्या वाळूचा गिलावा झाला, पातळ थरांचा, घाई न करता. दरम्यान मामांनी हॉटेलवाल्याच्या मागच्या खोल्यांचं काम घेतलं आणि त्या पैशांतून, जुनी जहाजं मोडणाऱ्याच्या दुकानातून, पितळी दुर्बीण आली. तिच्या एका काचेवर ओरखडा होता. मास्तर म्हणाले, ओरखडा असलेला बरा, जहाजं जुनी वाटतात.

रंग या वेळी लावलाच नाही. मामींनी लावू दिला नाही.

लेक आली तो दिवस नेमका धुक्याचा. अख्ख्या गल्लीच्या भिंतींना पाझर फुटलेले, खिडक्यांच्या काचांवर पाणी. मामांनी सकाळपासून भिंतीला हात लावला नव्हता. धीरच होईना. लेक बाळाला कडेवर घेऊन उंबऱ्यावर थांबली. बॅग बाहेरच ठेवली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"काय बाबा?"

मामांनी तिला सगळं सांगितलं. वाळू, समुद्रात धुतलेली, पाइप, दुर्बीण, बाकीचं. एका दमात, उभ्या उभ्या. शेवटी म्हणाले, "म्हणून माझ्या जिभेवर जाऊ नकोस. तूच बघ. ओली वाटली तर गाडी अजून वळली नाहीये. मीच बसवून देईन."

लेकीने बाळ आजीकडे दिलं. ती भिंतीशी गेली, गुडघ्यांवर बसली, पेराने खालून वर ठोकत गेली. लहानपणी बापामागे फिरताना शिकली होती. मग कोपऱ्यात, जिथे सगळ्यात जास्त ओघळ यायचे, तिथे तिने जीभ लावली. मास्तर दारात दुर्बीण गळ्यात घालून उभे होते, त्यांनी उगाच टोपी काढली.

"चुना लागतोय," लेक म्हणाली.

"आणि?" मामांनी विचारलं.

"आणि काही नाही."

ती बाहेर गेली, बॅग आत आणली आणि उघडून बाळाचे कपडे कपाटात लावायला लागली.

नात जागी कशी असते, ते मामांना पुढच्या चार दिवसांत कळलं. ती कुणाचं ऐकत नाही. ती भिंत धरून उभी राहते आणि धपकन बसते. आजोबांच्या खिशातला खडू खाते. पाचव्या दिवशी दुपारी दमून ती त्यांच्या मांडीवर झोपली. बाहेर तसंच धुकं. मामांनी जन्मभर भिंतींना लावलेला कान अलगद तिच्या छातीशी नेला आणि डोळे मिटले. आत जाणारा श्वास, बाहेर येणारा श्वास. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. शिट्टी नव्हती. मामा तसेच वाकून ऐकत राहिले, पाठ भरून आली तरी.

जरा वेळाने त्यांची मांडी गरम झाली, मग गार झाली. धोतराला मोठा डाग पसरला आणि खुर्चीच्या कडेने फरशीवर थेंब पडू लागले. मामा हलले नाहीत. तिची झोप मोडली असती.

मामी आतून आल्या. त्यांनी फरशीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांची सवय.

"अहो, ही ओल कुणाची?"

"आपली," मामा हळूच म्हणाले. "राहू दे."